हात पाहिजेत, तोंड नको

फॅशनचं शिक्षण घेऊन मी तांड्यावर परत आले, तेव्हा तांड्याजवळच्या गोरेगावच्या बाजारात एक काकू म्हणाल्या, "शिवणकामच करायचं होतं तर एवढ्या लांब काहून गेलीस?" घ्या! आता काय सांगायचं यांना? आम्ही बंजारा. कांचळीवर, म्हणजे आमच्या चोळीवर, आरसे अन् कवड्या टाकायला आमच्यात कुणी कॉलेजात जात नाही. मी गेले ती त्याच टाक्यांचं आजच्या पोरींना घालता येईल असं जाकीट बेतायला शिकायला.

परत येऊन जाकिटं केली. बेत माझा, कापणी माझी, पाठीवरचं भरतकाम याडीचं. आईला आमच्यात याडी म्हणतात. मुंबईच्या एका मोठ्या फॅशन शोमध्ये ती जाकिटं जाणार होती, डिझायनर म्हणून माझ्या नावानं. त्याआधी फोटो काढायला शोवाल्यांची गाडी तांड्यावर आली.

आल्या आल्या शोच्या मॅडमनी मोटारसायकल हलवायला लावली, प्लास्टिकच्या खुर्च्या घरात टाकायला लावल्या. म्हटलं, पाहुण्यांचे नखरे, सोसू. मग सोबत आणलेल्या मॉडेलला माझं जाकीट घातलं. झकास दिसत होती पोरगी! अन् मला म्हणाल्या, "तू हिच्या पायाशी बस, सुई धर. फक्त हात येतील, चेहरा नकोय."

"काहून? डिझायनर मी आहे."

"अगं, लोकांना कारागिराचे हात आवडतात. ट्रायबल फील येतो."

माझं डोकंच सणकलं. "हात पाहिजेत तर तोंडासकट घ्या. न्हाईतर जाकिटं उतरवा."

मॅडम जराही चिडल्या नाहीत. दारात उभ्या असलेल्या याडीकडं वळून म्हणाल्या, "यांचे हात तर आणखी छान आहेत. सुरकुत्या बघा. बसता का, मावशी?"

आणि याडी बसली! सकाळपासून तिचं एकच पालुपद चाललं होतं, लक्ष्मी टिळा लावायला आली तर कपाळ धुवायला जाऊ नको म्हणून. शो हातचा जाईल ही तिला धास्ती. मला काय नव्हती? पण तिला सुई घेऊन बसलेलं बघितलं अन् असा राग आला, असा राग आला की रडूच फुटलं. घरचंच माणूस फितूर झालं म्हणायचं.

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. याडीनं सुईत दोरा ओवला, मॅडमकडं एकदा बघितलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मावशी, हात बाहेर काढा ना."

"न्हाई. आधी माझ्या पोरीचं तोंड घे, बाई. मंग हात देते."

"अहो, पण काम तर तुम्ही केलंय."

"टाके मी घातले. कुठं घालायचे ते तिच्या डोस्क्यातून आलं. डोस्कं न्हाई तर हात बी न्हाई."

मॅडम फोन घेऊन बाभळीखाली गेल्या. बराच वेळ हातवारे करून बोलत होत्या. याडी तशीच बसून राहिली, पदर गच्च धरून. मॅडम परतल्या, म्हणाल्या, "ठीक आहे. दोघी या."

मी मॉडेलच्या अंगातलं जाकीट मागून घेतलं आणि स्वतः चढवलं. फोटोवाला म्हणाला, "स्माइल." याडीनं कोपर मारलं, "हस की गं, बये!"

शोच्या दारात तोच फोटो लावला होता. त्यात याडी तोंडभर हसतेय आणि मी समोर रोखून बघतेय. येणारा जाणारा थबकत होता. बघा म्हणावं.