पाहुण्यांसमोरची शर्यत

हुरडा खायला अमरावतीहून पाटलाचे पाहुणे आले की माझ्या भावाला बोलावणं यायचं. पळायला. कुत्र्यासोबत.

दादा तेव्हा चौदा वर्षांचा, मी नऊची. वलगावच्या पुढे आमचं गाव. आमचे बाबा पाटलाकडे सालदार, म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला गडी. पाटलाच्या ज्वारीच्या वावराला लागून गाडरस्ता होता. त्याच्या एका टोकाला बाजा टाकलेल्या. त्यांच्यावर पाहुणे बसलेले. एक वकील, एक डॉक्टर, त्यांच्या बायका, पोरं. शिकलेली माणसं. दुसऱ्या टोकाला दादा, अनवाणी. त्याच्या बाजूला साखळीला पाटलाचा कुत्रा. पाटलाचा पोरगा, दादाच्याच वर्गातला, इकडून भाकरीचा तुकडा दाखवून कुत्र्याला हाका मारायचा. पाटील रुमाल खाली करायचा. सुरू.

दादा जिंकायचा. दरवेळी नाही, पण बहुतेक वेळा.

एकदा वकिलाच्या बायकोनं विचारलं, "हा चावत नाही ना?"

पाटील म्हणाला, "कोण, कोणाले?"

सगळे हसले. डॉक्टरला तर ठसका लागला. मी बाजूला उभी होते. पाटलानं मला पाहिलं आणि म्हणाला, "काहून उभी आहेस अशी? जितला ना तुया भाऊ. टाळ्या वाजव."

मी वाजवल्या.

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही निघताना त्यांनी फडक्यात ओंजळभर हुरडा बांधून दिला. तो आम्ही घरी खाल्ला. गोड होता. भूक होती, खाल्ला. त्याची मला लाज वाटत नाही. ती ज्यांना वाटायला हवी होती ते ढेकर देऊन अमरावतीला परत गेले.

दादाचं लहानपण असं गेलं. सकाळी पाटलाच्या गोठ्यात शेण काढायचं. मग पाटलाच्या पोराचं दप्तर आणि स्वतःचं दप्तर घेऊन शाळेत जायचं. वर्गात त्या पोराची गणितंही दादाच सोडवायचा. परीक्षेत मात्र दादा त्याच्या मदतीला जाऊ शकत नव्हता, म्हणून पाटलाचा पोरगा दहावीला दोनदा बसला. आज त्याची स्वतःची शाळा आहे. पास होता आलं नाही म्हणून मालक झाला.

अठराव्या वर्षी दादा वेगळा पळायला लागला. पहाटे, वलगावच्या रस्त्यानं, एकटा. कोणी रुमाल खाली करत नव्हतं. मायनं विचारलं, कशासाठी एवढा पळतोस? तो म्हणाला, फौजेत जायचं आहे. बाबा उठून पाटलाच्या गोठ्याकडे गेले. बोलण्याची त्यांना सवयच राहिली नव्हती.

अमरावतीला भरती झाली. दादा पळण्यात पहिल्या काही पोरांत आला. छाती भरली, डोळे ठीक निघाले. मग कागद मागितले. त्यात गावच्या पोलीस पाटलाचा चांगल्या वागणुकीचा दाखलाही हवा होता. पोलीस पाटील म्हणजे आमचाच पाटील.

दाखला मागायला दादासोबत मीही गेले. तेरा वर्षांची होते. पाटील खुर्चीत बसून पेपर वाचत होता. दादा पायरीखाली उभा राहिला. पाटलानं आधी पेपर पुरता वाचून काढला. मग दादाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फौजेत चाल्ला म्हनते. बंदूक हाती आली त पह्यले कोणावर धरशील बे?"

दादानं कागद पुढे केला.

मग पाटील बराच वेळ बोलला. तुमचे लोक आता सगळीकडे घुसतात, तुमच्यामुळे वावरात माणूस मिळत नाही, वगैरे. शेवटी म्हणाला, रविवारी पाहुणे येणार आहेत, पूर्वीसारखा एकदा पळून दाखव, मग सही करतो. हे तो अगदी प्रेमानं बोलला. त्याला खरंच वाटत होतं की तो आमच्यावर उपकार करतो आहे.

दादा म्हणाला, "आता नाही पळत मी."

"मंग दाखला बी नाही."

"नका देऊ."

एवढंच. दादा वळला आणि चालायला लागला. मी क्षणभर तिथंच थांबले, कारण मला पाटलाचं तोंड पाहायचं होतं. त्या तोंडावर राग नव्हता. त्याला काही कळतच नव्हतं. खुर्ची बोलली असती तर जसा दिसला असता तसा दिसत होता. इतकी वर्षं आम्ही या माणसाला घाबरत होतो! त्याला नाही म्हटलं तर त्याच्याजवळ पुढचं वाक्यच नव्हतं. हे मला तेरा वर्षांची असताना कळलं, आणि मग विसरायला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांचं काम गेलं. बाबांनी दादाला मारलं. आयुष्यात एकदाच. मारून झाल्यावर दारात बसून रडले. माय उठली, दादाच्या हातात बसचं भाडं ठेवलं आणि म्हणाली, "जाय. माघारी पाहू नको." वलगावच्या शाळेतले गणिताचे सर दादाला पोलीस ठाण्यात घेऊन गेले. तिथल्या जमादारानं दोन चकरा मारायला लावल्या, पण दाखला दिला. दादा गेला. पुढे कारगिलच्या लढाईत होता. तोफगोळ्यानं त्याचा डावा कान गेला. निवृत्त होऊन आता अकोल्यात राहतो, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. लढाईचं विचारलं तर सांगतो. गावाचं विचारलं तर उठून जातो.

यंदा पाटलाच्या पोराचा फोन आला. मी अकोल्यात मराठी शिकवते, म्हणून फोनवर मी "मॅडम" होते. त्याच्या शाळेची स्मरणिका निघणार होती. दादावर एक पान हवं होतं, लहानपण आणि तरुणपण, फौजेत जाण्याआधीचं. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "खरं लिवशील त लिव."

मी खरं लिहिलं.

पान छापण्याआधी तपासायला आलं तेव्हा त्यात असं होतं: "कै. पाटील साहेबांनी बालवयातच त्यांच्यातील धावपटू हेरला व मान्यवर पाहुण्यांसमोर संधी देऊन प्रोत्साहन दिले. सैन्यात जाण्यासाठी आवश्यक दाखलाही त्यांनीच दिला." खाली माझं नाव.

मी दादाच्या उजव्या कानाशी बसून ते वाचलं. त्यानं परत वाचायला लावलं. मग म्हणाला, "पुरं छापा म्हना. नाही त माह्या फोटोसकट पान काढा."

मी गावाला गेले. संस्थाध्यक्षाच्या केबिनमध्ये बापाचा हार घातलेला फोटो, खाली स्वतः तो. आधी चहा मागवला. मग समजावलं. दोन शब्द इकडचे तिकडे केले, गावाची इज्जत आहे, वडील आता नाहीत, जुनं कशाला काढायचं. मी ऐकत नाही हे पाहिल्यावर "मॅडम" गेलं आणि "तू" आलं.

"अवं, गंमत होती ते. सगळेच हासत होते. तू बी होतीस ना तिथं? टाळ्या वाजवत होतीस."

"हो, वाजवल्या," मी म्हटलं. "तेबी लिवलं होतं मी. तेबी तुमी कापलं."

तो खिडकीबाहेर पाहायला लागला. बापासारखाच. पुढचं वाक्य नाही. दोन पिढ्या, एवढी वावरं, एक शाळा, आणि पुढचं वाक्य नाही. मी चहा तसाच ठेवून उठले.

स्मरणिका निघाली. दादाच्या पानाच्या जागी ठिबक सिंचनाची जाहिरात आहे. मला ती आवडली. पाइपाबद्दल निदान खरं लिहिलं आहे.

पण प्रकाशनाच्या कार्यक्रमात तो माईकवर बोललाच, असं तिथल्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं. आमच्या घराण्यानं गावाला जवान दिला, म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. त्यांत बाबांसोबत राबलेली माणसंही होती.

तेव्हा ठरवलं. त्यानं कापलेलं पान मी पुरं लिहून त्या शाळेच्या प्रत्येक शिक्षकाच्या हातात नेऊन दिलं. तिघांनी परत केलं, बाकीच्यांनी घडी करून खिशात घातलं. यापुढे त्या गावात जेव्हा जेव्हा माईक लागेल आणि तो माणूस माझ्या भावाचं नाव घेईल, तेव्हा मी तिथं असेन. तो बोलत असतानाच उभी राहीन. या गावानं माझ्या भावाला दिलं काही नाही, तो इथून सुटला, हे त्या माणसाच्या बापाचं नाव घेऊन सांगीन. सांगून झाल्याशिवाय खाली बसणार नाही.