दर्यातला झेंडू

देवाला फुलं वाहायची म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढे आधी रामकुंडाच्या पायऱ्यांवरचा कुजका ढीग येतो. कॉलेजात असल्यापासून मी तिथे उभी राहून पत्रकं वाटत आले आहे, की निर्माल्य गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, टाकू नका. घरात मात्र माझं कोणी ऐकायचं नाही. आमचा फुलांचा मळा नाशिकला लागूनच. आईच्या मते फुलं उगवतात तीच मुळी वाहण्यासाठी.

वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आई नवस बोलली. हे बरे झाले तर मळ्यातला पाटीभर झेंडू मालवणला जाऊन समुद्राला वाहीन. आजवर गंगेला दिलेलं सगळं शेवटी तिथेच पोचतं, असं तिचं म्हणणं.

"आई, आपली गंगा पूर्वेला जाते. तो समुद्र वेगळा, मालवणचा वेगळा."

"समुद्र काय दोन राहत्यात का? पाणी तर एकच हे ना?"

वडील खाटेवरून हसले. "भूगोलात तू पास. पण जायचं मालवणलाच."

मी बरीच भांडले. शेवटी एवढीच तडजोड झाली, की दोरा नको, प्लॅस्टिकची पिशवी नको, फक्त सुटी फुलं. आई पुटपुटत तयार माळा उसवत बसली.

मालवणला सकाळी डॉल्फिन दाखवणाऱ्या एका छोट्या होडीत झेंडूची पाटी घेऊन आम्ही तिघं बसलो. होडीवाला मध्यमवयाचा, अबोल माणूस होता. डॉल्फिनची काळी पाठ पाण्यावर वळली आणि वडील लहान मुलासारखे ओरडले. ऑपरेशननंतर त्यांचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पुढे दूरच्या खडकाळ बेटावर समुद्रगरुडाचं घरटं होतं. तेही पाहून परत फिरलो आणि इंजिन आचके देत बंद पडलं. डिझेलमध्ये पाणी शिरलं होतं.

होडीवाल्याने नांगर टाकला, पण तो तळाला धरेना. वल्हं एकच होतं. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आणि आम्ही त्याच्याबरोबर बाहेर चाललो होतो. मोबाइलला रेंज नव्हती. बेट लहान होत गेलं. किनाऱ्याची माडांची रेघ पुसट झाली. वडील छातीवर हात ठेवून बसले होते आणि "काही नाही, काही नाही" म्हणत होते. त्यांच्या गोळ्या लॉजवर राहिल्या होत्या. निर्माल्याविरुद्ध पत्रक कसं लिहावं ते मला ठाऊक होतं. वाऱ्याविरुद्ध काय करतात, ते ठाऊक नव्हतं.

आई मात्र थोड्या थोड्या वेळाने पाटीतली चार फुलं पाण्यात सोडत होती. मी चिडून म्हणाले, "आई, आता तरी पुरे!"

"नवस अर्धा ठेवू का? तू बस गुमान. त्याचं तो बघंल."

मी गुमान बसले. खरं सांगायचं तर दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. वडिलांचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाशीही वाद न घालता नुसती बसून राहिले. किती वेळ गेला, कळलं नाही. मग दुरून इंजिनाची टकटक ऐकू आली.

मासेमारीची एक मोठी होडी सरळ आमच्याकडे येत होती. पुढच्या टोकावर एक म्हातारा उभा होता. जवळ येताच तो ओरडला, "फुलां तुमचीच काय गो?"

आईने रिकामी पाटी उंच धरून दाखवली.

"आमी घराक चललेलंव. दर्यात झेंडू दिसलो. वायच पुढे बघलंय, तर परत फुलां. म्हटलंय, खयची तरी होडी बुडाली. म्हणान फुलांच्या मागसून इलंव."

वाऱ्याने होडी भराभर ढकलली होती आणि सुटी फुलं मागे रेंगाळत राहिली होती. त्यांची पाण्यावर लांबच लांब ओळ तयार झाली होती, आणि तिच्याच मागून म्हातारा आमच्यापर्यंत आला होता. एवढंच घडलं. याचं कारण वारा म्हणा, भरती-ओहोटी म्हणा, काहीही म्हणा. कोणाला काही पटवून द्यावं, असं मला वाटत नाही. आईने फुलं सोडली, माझ्या हट्टाने ती सुटी राहिली, आणि एका म्हाताऱ्याला घरी जाता जाता थांबावंसं वाटलं. या तिन्ही गोष्टी कोणी एकत्र आणल्या, ते मला सांगता येत नाही. आमच्यापैकी कोणीही त्या ठरवून आणल्या नव्हत्या, एवढं मात्र नक्की.

म्हाताऱ्याने दोरखंड फेकला, आमच्या होडीवाल्याने तो पुढच्या खुंटाला बांधला. दोर ताणला गेला, हलकासा हिसका बसला आणि आमच्या होडीचं तोंड जमिनीकडे वळलं. वडिलांनी छातीवरचा हात खाली घेतला. "भूक लागली," ते म्हणाले, आणि आई इतका वेळ आवरून धरलेलं रडू रडली. मी हात जोडले. कोणाला, ते मी स्वतःला विचारलं नाही.