सहा आऱ्यांचं चाक

माझे बाबा रोज सकाळी वंदनेआधी एक नाणं पुसतात. करंगळीच्या नखाएवढं, एका बाजूला चाक, दुसरी बाजू कोरी. तीन वर्षं ते बुद्धमूर्तीपुढे आहे, कारण माझ्या मैत्रिणीने त्यांना सांगितलं होतं की हे जुनं धम्मचक्राचं नाणं आहे.

राहनाळच्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघी एकाच टेबलावर पॅकिंग करतो. तिला नाण्यांचा भारी नाद. एकदा दिघाशीला आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा बाबांनी तिला चर खणताना सापडलेलं त्यांचं जुनं शिशाचं नाणं दाखवलं. त्यावर हत्ती होता. ती म्हणाली, "बाबा, हा हत्ती मला द्या, मी तुम्हाला धम्मचक्र देते." बाबांनी देऊन टाकला. मी कौतुकाने तिच्या ताटात दोन बोंबील जास्त वाढले. अशी मी येडी.

परवा ठाण्याच्या नाणी प्रदर्शनात गेले, बाबांसाठी अजून एखादं मिळतंय का बघायला. एका स्टॉलवर तसलीच चाकं ताटलीभर. स्टॉलवाला हसला. "ताई, हे माइन्झच्या आर्चबिशपचं चाक. जर्मनीत पूर्वी धर्मगुरूच राज्य करायचे, त्यांचे हे सुटे पैसे. धम्मचक्राला आठ आरे, इथे मोजा." सहा होते. वर म्हणतो, "राहनाळला पॅकिंग करणाऱ्या एक मॅडम नेतात माझ्याकडून. त्यांना सगळा इतिहास पाठ आहे."

अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिला माहीत होतं. माझ्या बापाच्या श्रद्धेवर तिने हत्ती उपटला, आणि वर माझ्याच घरचे बोंबील खाल्ले.

घरी येऊन मी ते नाणं मूर्तीपुढून उचललं. फेकणारच होते.

"ठेव तिथंच," बाबा म्हणाले.

"बाबा, हे धम्मचक्र नाही. आरे मोजा."

"सहाच हायत. ती गेली त्याच सांजेला मोजले."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला दुसरी मैत्रीण कोण हाय?"

तीन वर्षं हा माणूस सगळं जाणून ते नाणं पुसत होता, आणि मी दर रविवारी तिला हौसेने जेवायला आणत होते. दोघांनाही खरं माहीत होतं, फक्त मला नव्हतं. सकाळी शिफ्टला ती समोर येईल, तिला काय सुनवायचं ते माझं ठरलंय. बाबांशी मात्र मी अजून बोललेले नाही.