पैलवानाच्या हातचे चाळीस उंदीर

आमच्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात उंदरांच्या माना मोडायचं काम एकच माणूस करायचा. सगळे त्याला पैलवान म्हणायचे, कारण फुंकर मारली तर उडेल असा त्याचा देह. मी पिंजरे धुणारी. अकरा वर्षं आम्ही एकाच खोलीत राबलो, तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे. वरच्या मजल्यावरचे लोक त्याला कसाई म्हणतात. म्हणायला त्यांचं काय जातंय! एकाने तरी कधी हात घातलाय का पिंजऱ्यात?

काम असं होतं. पांढऱ्या उंदराला दर तासाला एक सुई, अशा दहा सुया. त्याने स्वादुपिंड, म्हणजे जठरामागची पाचक रस करणारी ग्रंथी, चवताळते आणि आपल्याच रसाने स्वतःला पचवायला लागते. उंदीर पाठीला कुबड काढून, केस पिंजारून कोपऱ्यात बसतो. अर्ध्या उंदरांना सोबत नवं औषध द्यायचं, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. शेवटी पैलवान एका हाताच्या चिमटीत मान दाबायचा आणि दुसऱ्या हाताने शेपूट ओढायचा. कट्! प्रयोग चालवणाऱ्या मॅडम लगेच पोट फाडून बघायच्या, ग्रंथी किती सुजली ते. पहिल्या दिवशी मी बादलीत ओकले. पैलवानाने ती बादली धुतली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही जरा उशिरा येत जा. तोवर मी आटपतो."

त्याचा धाकटा भाऊ दारू प्यायचा. त्याला हाच आजार झाला. दवाखान्यात गुडघे पोटाशी घेऊन तो लोखंडी खाटेवर कपाळ आपटायचा. धरायला गेलेल्या पैलवानाच्या दंडाचा त्याने लचका तोडला. चौथ्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, यावर थेट असं औषधच नाही, सलाइन लावायचं आणि वाट बघायची. तेव्हापासून पैलवानाचा सगळा जीव मॅडमच्या त्या नव्या औषधात अडकला होता.

मोठा प्रयोग ठरला. चाळीस उंदीर, एका पिंजऱ्यात एक. खालच्या फळीवर औषधाचे वीस, वरच्या फळीवर मीठपाण्याचे वीस. आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांना उपाशी ठेवायचं, पाणी तेवढं द्यायचं, कारण पोटात अन्न असलं की ग्रंथीची सूज बदलते. पिंजऱ्यांतलं खाद्य काढून घेताना या शहाण्याला दया आली. उद्या मरायचंच आहे, निदान पोटभर खाऊन मरू देत! म्हणून एप्रनच्या खिशात असलेल्या खाद्याच्या गोळ्या त्याने खालच्या फळीवर टाकल्या. बारा पिंजरे झाले आणि खिसा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडम हरखून गेल्या. औषधाच्या बारा उंदरांच्या ग्रंथी जवळजवळ शाबूत! साहेबलोक येऊन फोटो काढून गेले. पैलवान नाचायचाच काय तो बाकी होता. दोन दिवसांनी धुवायचे पिंजरे माझ्याकडे सरकवताना तो पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरचे नंबर आणि निकाल वाचत होता. एकदम थांबला. चेहरा पांढराफटक.

"ताई, बरे झालेले ते बारा... त्यांना मी खायला घातलं होतं."

माझं डोकंच फिरलं. "गप्प बस! तोंड उघडलंस तर नवे चाळीस आणतील. पुन्हा सुया, पुन्हा माना. तुझ्या दयेपायी!"

"आणि हे औषध उद्या कुणाच्या भावाला टोचलं तर?"

मी हातातला घासायचा ब्रश फेकून मारला. त्याची भुवई फुटली, रक्त आलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, आजही वाटत नाही. तो तसाच, रक्त पुसत, जिना चढून गेला.

वर मॅडमनी कात्र्यांचा ट्रे भिंतीवर भिरकावला. खालपर्यंत ऐकू आलं. "औषधाचा गुण की खाण्याचा, आता कोण सांगणार? चाळीस जीव फुकट घालवलेत तुम्ही! आता हे काम दुसरं कुणीतरी करेल."

"दुसऱ्याच्या हाताने एका झटक्यात होणार नाही, मॅडम. तडफडतील," पैलवान म्हणाला. "तेवढं मला करू द्या. मग हाकलून द्या."

नवे चाळीस आले. खाद्य काढायच्या संध्याकाळी त्याने एप्रन माझ्यापुढे टाकला. "ताई, खिसे शिवून बंद करून द्या." मी शिव्या घालत घालत शिवले.

दुसऱ्या दिवशी माना मोडायच्या वेळी मी मुद्दाम वेळेवर गेले. खाल्लेलं कुणीच नव्हतं. पैलवान एक वरचा, एक खालचा असे उचलत होता. कट्. मॅडम फाडत होत्या. वरच्याची ग्रंथी सुजलेली, खालच्याचीही तेवढीच. पुढच्याची तीच गत. चौतिसाव्यानंतर पैलवानाचा हात थांबला.

"मॅडम, औषध लागू पडत नाही ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. रागही उरला नव्हता त्यांच्यात.

"मग हे सहा सोडून देऊ?"

"त्यांना सुया देऊन झाल्यात. आणि प्रयोग अर्धवट राहिला तर कुणीतरी हेच औषध घेऊन पुन्हा चाळीस मारेल."

पैलवान भिंतीला टेकला आणि ढसाढसा रडायला लागला. "म्हणजे हे असतं तरी आमचा धाकटा गेलाच असता."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने बाहीला डोळे पुसले आणि पुढचा पिंजरा उघडला. रडणं थांबलं नव्हतं, पण सहाही एका झटक्यात गेले, एकही तडफडला नाही. मी तिथेच उभी होते.