होर्डिंगवरचे पाहुणे

जयपूरला बँकेत होतो तेव्हा मुलीला गोपालपुऱ्यातल्या एका क्लासात घातलं होतं. तिथे एकदा एक म्हातारे जपानी शास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले. सूर्याच्या पोटात असतो तसला धगधगता प्लाझ्मा यंत्रात कोंडायचा आणि त्यातून वीज काढायची, यात त्यांची हयात गेली होती. भाषण संपल्यावर क्लासच्या मालकाने त्यांना साफा बांधला, फोटो काढले. साफा कानांवर घसरत होता, पण काढला तर वाईट दिसेल म्हणून ते तसेच बसून राहिले.

मी माझ्या इंग्रजीत विचारलं, "तुमचा सूर्य किती वेळ टिकला?"

"तुम्ही हा प्रश्न विचारलात ना, तेवढा वेळ," ते म्हणाले. "मी निवृत्त झालो आणि त्यांनी यंत्रही मोडीत काढलं."

शेजारचे एक पालक हसले. "मतलब, हाथ कुछ नहीं आया!"

पाहुण्यांना हिंदी येत नव्हती, तेवढं बरं.

पुढच्याच आठवड्यात बायपासवर होर्डिंग लागलं. साफ्यातले ते, आणि खाली 'हमारे मार्गदर्शक'. मे संपेपर्यंत जयपूरच्या सूर्याने त्यांचा चेहरा पार पुसून टाकला. मालकाने फोन नंबर तेवढा पुन्हा रंगवून घेतला.