लांबचं दाखवणारी काच

सगळा जन्म शाळेत इंग्रजी आणि शास्त्र शिकवण्यात गेला. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की तिला गुण द्यायची खोड जडली आहे. आमटीलासुद्धा मी मनातल्या मनात गुण देतो आणि बायकोला ते माझ्या तोंडावरून कळतं. सिनेमे मी आयुष्यात फार पाहिले नाहीत. पण एक मुका विलायती सिनेमा असा आहे की त्याचा पेपर मी इतकी वर्षं तपासतो आहे आणि अजून बेरीज लागलेली नाही.

तो रत्नागिरीत आला तेव्हा मुंबईत बोलपट सुरू झाले होते. मुंबईने वापरून टाकलेलं मग आमच्या वाट्याला यायचं. एका घाटावरच्या माणसाने मैदानात तंबू ठोकला. मधोमध पांढऱ्या कापडाचा पडदा बांधला आणि तो पाणी मारून ओला ठेवला, म्हणजे चित्र आरपार दिसे. पुरुष पुढच्या बाजूला बसत, बायका मागच्या. बायकांना सगळं उलटं दिसायचं. पण मुक्या चित्रात उलटं काय नि सुलटं काय! मधूनमधून इंग्रजी अक्षरांच्या पाट्या येत, त्या तेवढ्या कुणाला वाचता येत नसत. त्यासाठी तंबूवाल्याला मराठीत मोठ्याने सांगणारा माणूस हवा होता. तो मी झालो. पडद्याच्या कडेला हातात वेताची छडी घेऊन उभा राहायचो. पैशाचा लोभ नव्हता, स्वतःच्या आवाजाचा होता. शिवाय त्या जागेवरून पडद्याच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसत. तशी ती दिसणारा अख्ख्या तंबूत मी एकटाच.

गोष्ट अशी होती. एक म्हातारा शास्त्रज्ञ भलीमोठी गोल काच तयार करतो. तिच्यासमोर उभं राहून ज्याची आठवण काढाल तो माणूस पृथ्वीवर कुठेही असो, या क्षणी काय करतो आहे ते काचेत दिसतं. गावोगावची माणसं रांग लावतात. कुणाचा मुलगा लढाईवर गेलेला, कुणाचं गलबत बुडालं की तरलं ते ठाऊक नाही. त्या रांगेत एक बाई असते. तिचा नवरा बरीच वर्षं बेपत्ता आहे. तिची पाळी येते आणि काचेत नवरा दिसतो, चांगला धडधाकट. जेवायला बसलेला. एक दुसरी बाई त्याला वाढते आहे आणि एक लहान मुलगी त्याच्या पाठीवर चढते आहे.

इथे चित्र करणाऱ्याला मी पैकीच्या पैकी देतो. नवऱ्याचा दुसरा संसार सांगणारी एक पाटी येऊन जाते, त्यानंतर पाटी नाही, रडणं नाही, छाती बडवणं नाही. नुसता त्या बाईचा चेहरा, आणि तोही इतका वेळ की तंबूत पेटी वाजवणारा सूर धरायचा विसरे. मग ती बाजूचं स्टूल उचलते आणि काच फोडते. काच बनवण्याचा भागही उत्तम होता. जादूटोणा नाही, धूर नाही. म्हातारा घासतो, मोजतो, चुकतो, हात भाजून घेतो. शास्त्र कसं कष्टाचं असतं ते माझ्या वर्गातल्या मुलांना तीन वर्षांत समजलं नाही, ते या चित्रात दहा मिनिटांत समजत होतं.

दोषही होते. काचेत दिसायला तिकडून उजेड यावा लागतो, मग भिंतीआडचं दिसतं कसं? पृथ्वी गोल आहे, तिचं काय केलं? शास्त्रज्ञाचा एक लठ्ठ नोकर दर पाच मिनिटांनी विनाकारण पडतो. आणि शेवट तर अगदीच पुचाट. काच फुटते, लोक चवताळतात, म्हाताऱ्याचं घर पेटवतात, आणि एकदम म्हातारा खुर्चीत जागा होतो. सगळं स्वप्न! काच नाही, रांग नाही, बाई नाही. चित्र करणाऱ्याला धीर झाला नाही, असं मी पहिले चार दिवस शाळेच्या ओसरीवर बसून प्रत्येकाला ऐकवत होतो. एवढं खरं बोलायचं आणि शेवटी शेपूट घालायचं, याला काय म्हणावं?

आता घरचं सांगितलं पाहिजे.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच आगबोटीने मुंबईला गेला आणि तिथून आफ्रिकेला. एक पत्र आलं, मग काही नाही. वहिनी आमच्याकडेच राहिली. मूलबाळ नव्हतं. बारा वर्षं माणसाची काहीच खबर नसली की तो गेला असं धरून पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. ती बारा वर्षं त्या साली भरत होती. वडिलांनी दिवस ठरवला होता. पुतळा जळला की वहिनी विधवा होणार होती. आमच्या घरात विधवा होणं म्हणजे काय ते तेव्हाच्या लोकांना सांगावं लागत नसे. न्हावी बोलावला जाई आणि डोक्यावरचे केस जात. मग नेसायला तांबडं आलवण आणि स्वयंपाकघराचा कोपरा. वहिनी तेव्हा तिशीची होती.

दादा मेलेला नव्हता. हे घरात दोघांना माहीत होतं, वडिलांना आणि मला. दोन वर्षांपूर्वी लांज्याकडचा एक गृहस्थ आफ्रिकेहून परतला होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा भाऊ तिथे बरा आहे, एका परजातीच्या बाईबरोबर राहतो, एक मुलगी आहे. मी ते जसंच्या तसं वडिलांना सांगितलं. वडिलांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी धाकटी बहीण लग्नाची होती. बातमी गावात फुटली तर तिला कोण करून घेणार? दादा कुणाच्या तोंडून जिवंत होण्याआधी रीतसर मेलेला बरा, असा तो हिशेब होता. मला तो तेव्हा पटला होता. पटला नव्हता असं आता लिहिलं तर ते खोटं होईल.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला मी नेहमीसारखा छडी घेऊन उभा होतो. सहज मागच्या बाजूला पाहिलं तर बायकांत पहिल्या रांगेत माझी बायको, आणि तिच्याशेजारी वहिनी. आठ दिवसांनी त्या बाईचं घराबाहेर पडणं कायमचं संपणार, मग एकदा तंबू तरी बघू दे, असं म्हणून बायकोने वडिलांची परवानगी काढली होती. मला मात्र सांगितलं नव्हतं.

रांगेतली ती बाई पडद्यावर काचेपुढे उभी राहिली. पुढची पाटी आली. तिच्यावर जे होतं ते मी चार दिवस घसा ताणून सांगत होतो, की नवऱ्याने दुसरा संसार थाटला आहे. पाचव्या दिवशी मी म्हणालो, "काच आता मागचे दिवस दाखवते आहे. हा तिचा नवरा, ही ती स्वतः आणि ही त्यांची मुलगी. तो आता या जगात नाही."

पुढच्या बाजूला कुणीतरी हसलं. एकजण ओरडला, "मास्तर, काल तर ती दुसरी बायको होती!" पडद्यामागेही कुजबुज झाली, कारण दोनदा येणाऱ्या बायका होत्याच. पडद्यावर बाईने स्टूल उचललं. मागच्या बाजूला वहिनी उठली. माझी बायको तिच्या मागोमाग उठली आणि दोघी कनात बाजूला सारून निघून गेल्या. राहिलेलं चित्र मी कसं सांगितलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला विहिरीवर गेलो तर वहिनी पाणी काढत होती. आमच्या विहिरीवर शेजारच्या बायका यायच्या, तंबूतली गोष्ट तिथे चार दिवस चघळली गेली होती आणि काचेत दुसरा संसार दिसतो तिथपर्यंतचा भाग वहिनीला तोंडपाठ झाला होता, पुढचं कुणी सांगतच नव्हतं. मला त्याचा पत्ता नव्हता. घागर काठावर ठेवून तिने मला विचारलं, "काल गोष्ट माझ्यासाठी बदललीत का?" मी म्हणालो, हो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

"ज्या बाईचा नवरा मेलाय, भावोजी, तिला त्या गोष्टीत वाईट वाटण्यासारखं काय आहे?"

मी मुलांना शास्त्रात कारण आणि परिणाम शिकवायचो. चित्र जसं होतं तसं सांगितलं असतं तर तिने ते विलायतेतलं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. तिला काही कळू नये म्हणून मी तोंड उघडलं आणि त्यातूनच तिला सगळं कळलं. तिने पुढे एवढंच विचारलं, कुठे आहेत. मी सांगितलं. मूल आहे का, तर मी म्हणालो, एक मुलगी. तिने दोर गुंडाळून ठेवला, आणि मग हळू आवाजात म्हणाली, "पुतळ्याच्या दिवशी भटजी विचारतील. तेव्हा खरं सांगा, आणखी मला काही नको."

मी म्हणालो, सांगीन. मनापासून म्हणालो होतो.

ठरलेल्या दिवशी पडवीत सगळी तयारी झाली. पळसाच्या देठांचे हातपाय बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. तो आमच्याच माडाचा होता. विधी सुरू करण्याआधी भटजींनी रीतीप्रमाणे विचारलं की गेल्या बारा वर्षांत यजमानांच्या कानावर काही खबर आली का. वडील म्हणाले, नाही. भटजी भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुमच्या कानावर काही?"

माजघराच्या दारात वहिनी उभी होती. तिच्या मागे माझी बहीण. बहिणीला बघायला माणसं पुढच्या महिन्यात यायची होती. वडील माझ्याकडे बघत नव्हते, त्या नारळाकडे बघत होते. मी आडवी मान हलवली. तोंडाने नाही म्हटलं नाही, नुसती मान हलवली, आणि पुढे कित्येक वर्षं मी या फरकाचा आधार घेत आलो.

वहिनी स्वतः का बोलली नाही, असं आजची मुलं विचारतील. पुरुषांच्या बैठकीत बाईने तोंड उघडायची रीत नव्हती. उघडलं असतं तरी पुरावा मागितला असता. पुरावा मीच होतो.

आम्ही खाडीकाठी पुतळा जाळून परत आलो तेव्हा मागीलदारचं सगळं उरकलं होतं. न्हावी पायरीवर बसून वस्तरा पुसत होता. माझी बायको रडत होती, वहिनी नाही. वहिनी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेत होती. पळसाचा पुतळा पटकन जळाला, नारळाला मात्र वेळ लागला, असं मी कुणाला तरी सांगत होतो, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

बहिणीचं लग्न झालं. वडील पुढच्याच वर्षी गेले. दादाची बातमी दुसऱ्या कुणाकडून तरी गावात पोचायची ती पोचलीच, आणि गाव गप्प बसलं. डोक्यावरून वस्तरा फिरून गेलेल्या बाईला कोण काय सांगणार? वहिनी मला त्यानंतरही भावोजीच म्हणत असे, पानात भात वाढताना हात आखडता घेत नसे. एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात मी हुशार, पण त्या चित्राच्या शेवटाला मी पुन्हा कधी पुचाट म्हटलं नाही. तो अधिकार माझा राहिला नव्हता.

सात-आठ वर्षांनी एका मे महिन्यात ती मागच्या अंगणात आमसुलांसाठी रातांब्याची सालं वाळत घालत होती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. मी पेपर तपासत पायरीवर बसलो होतो. वर न बघता तिने विचारलं, "त्या चित्राचा शेवट काय होता हो? मी मध्येच उठून आले होते."

इतक्या वर्षांत तंबूचा शब्द तिने काढला नव्हता. मी लेखणी खाली ठेवली आणि सांगितलं. या वेळी जसा होता तसा सांगितला. म्हातारा झोपेतून जागा होतो, सगळं स्वप्न असतं. काच नव्हतीच, नवऱ्याचा दुसरा संसार नव्हता, त्या बाईला काहीच झालेलं नसतं.

तिने हातातली सालं नीट पसरून ठेवली.

"बरं झालं हो तिचं," ती म्हणाली, आणि पुढची सालं पसरायला लागली.