बारदान सव्वा

हळदीचं पोतं तोलल्यावर रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र सांगलीच्या हळद बाजारात, भरल्या दुकानात, ते वजाच न करणारा प्रोग्रॅम चालवून दाखवला. आणि वर ऐटीत उभी, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

तेव्हा मी चाळिशीतली. केस नुकतेच कापले होते, अक्कल बहुतेक त्यांच्याबरोबरच गेली. साताऱ्यात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि एक सहकारी. शेतमाल विकून देणाऱ्या अडत्यांच्या हिशेबासाठी आम्ही फ्रेमवर्क बांधलं होतं. पाया सगळ्यांना एकच, आणि दर दुकानाचे नियम एका एक्सएमएल फाइलीत, प्रत्येक नियम आपल्या नावाच्या दोन खुणांमध्ये. सांगलीचं हे पहिलं दुकान मिळालं तर ऑफिस चालणार, नाहीतर कुलूप.

सहकारी घसा कोरडा करून सांगत होता, कुठल्या खुणेत आकडा चालेल, कुठल्या खुणेत अक्षरं, हे आधीच बांधून टाकू. चुकीचं काही आलं तर फाइल उघडूच नये. मी त्याला हसले. म्हटलं, माझं फ्रेमवर्क मोठ्या मनाचं आहे, काहीही लिहा, पोटात घालतं. शिवाय खुणा मराठीत ठेवल्याची मिजास वेगळीच. त्या मिजाशीतच मी लिहिलं: <बारदान>सव्वा</बारदान>. बारदान म्हणजे रिकामं पोतं, सव्वा किलोचं. बाजारात कुणी एक पूर्णांक पंचवीस म्हणतं का?

प्रोग्रॅमनं 'सव्वा' पोटात घातला. त्यात आकडा सापडेना, तर मुकाट्यानं शून्य धरलं. पोतंही हळदीच्या भावानं गेलं. शेतकरी गालातल्या गालात हसतोय, आणि दुकानाचे मालक, म्हातारे अडते, मला विचारतायत, गोणपाटाला हा भाव कवापास्नं आला. आणखी एकदा येऊ द्या, एवढं मी कसंबसं म्हणाले आणि निघाले. कराड येईपर्यंत एसटीत पेढे मीच संपवले. माझी नात आता हेच प्रोग्रॅम लिहिणं शिकतेय. तिनं विचारलं, आजी, तू एवढी बावळट होतीस? होते ना. छान जमायचं मला ते.

मग मला प्रकारांचं, म्हणजे कुठल्या खुणेत काय चालेल ते आधीच बांधून टाकण्याचं, वेडच लागलं. वजन वेगळा प्रकार, टक्के वेगळा प्रकार, किलो आणि क्विंटल एका पंगतीला बसणार नाहीत, बारदान शून्य चालणार नाही. चुकीचं लिहिलं की ओळ लाल, आणि काय हवं ते शेजारीच. पोहे करतानासुद्धा मी मिठाचा प्रकार ठरवत बसायची. ज्यानं हे आधी सुचवलं, तोच सहकारी आता मला आवरत होता.

पुन्हा सांगली, या वेळी पेढ्यांशिवाय. कीबोर्ड अडत्यांपुढं सरकवून म्हटलं, बिघडवून दाखवा. त्यांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं अक्षरं शोधत बारदानात लिहिलं, 'दीड'. ओळ लालभडक. शेजारी निरोप आला: इथे आकडा हवा. त्यांनी निमूटपणे आकडा घातला, पोतं तोललं, पावती निघाली. ती उलटीसुलटी करून बघितली, बारदान वजा झालेला आकडा बोटानं दाबून पाहिला, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"आवं बाई, यंत्राला अक्कल आली. तुमाला आली की बिल पाठवा."